फवारलेला थर रामनला नेण्याआधी

टायटॅनियम डायऑक्साइडच्या फवारलेल्या थराची कंपनं रामननं, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासून मोजायची, तर आधी ठरवा: पृष्ठभाग हवा की सगळा थर? ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरला हा ऑक्साइड जवळजवळ पारदर्शक. ३०० नॅनोमीटरचा थर ओलांडून किरण खालच्या काचेत शिरतो. वर्णपटात १४४, ३९९ आणि ६३९ प्रति सेंटीमीटरला (कंपनांचं हे माप) शिखरं आली म्हणजे ॲनाटेज, या ऑक्साइडचं एक स्फटिकरूप, तयार झालंय, एवढंच. ती कंपनं थराच्या पोटातली. खुद्द पृष्ठभागाचे फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची सामूहिक कंपनं, पाहायला एकस्फटिक, मंद इलेक्ट्रॉनांचा ऊर्जाऱ्हास मोजणारं यंत्र आणि १०⁻¹⁰ टॉरचं (टॉर हे दाबाचं एकक) निर्वात लागतं. १०⁻⁶ टॉरला तर सेकंदाभरात वायूचे रेणू पृष्ठभाग झाकून टाकतात.

रामनच करायचं असेल, तर सिलिकॉनवर थर देताना सावध. सिलिकॉनचं ५२०चं शिखर ॲनाटेजच्या ५१३ आणि ५१९ला गिळून टाकतं. साधी काच चालते, पण भाजताना तिच्यातलं सोडियम थरात चढतं आणि स्फटिक नीट वाढत नाहीत. क्वार्ट्झ परवडलं तर उत्तम. त्याच गठ्ठ्यातला एक कोरा तुकडा सोबत न्याच. तो नसेल तर काचेचा रुंद फुगवटा थराच्या नावावर जमा होतो.

सिलिकॉनचा वेगळा तुकडा मात्र हवा, ५२०.५वर यंत्र जुळवायला. नमुना बदलला की पुन्हा तपासा. लेझर १ मिलिवॅटच्या खाली सुरू करा: एवढीशी शक्तीही मायक्रॉनभर ठिपक्यावर चौरस सेंटीमीटरला शंभरेक किलोवॅट पडते. १४४चं शिखर वर सरकून रुंदावलं, तर कण बारीक आहेत, ऑक्सिजन कमी आहे किंवा लेझरनं थर तापलाय. शक्ती अर्धी करून पाहा. शिखर मागे आलं तर दोष लेझरचा.

पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल (OH) गट शोधायला थर खरवडून भुकटी एफटीआयआरला, म्हणजे अवरक्त प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्राला देतात; त्यासाठी ती पोटॅशियम ब्रोमाइड या मिठात मिसळून गोळी दाबतात. कोल्हापूरच्या जुलैत इथेच फसगत होते. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि ३४०० व १६४०चे पट्टे पृष्ठभागाचे समजून वहीत चढतात. मीठ ११० अंशांवर दोन-तीन तास सुकवा, १ मिलिग्रॅम भुकटीला १०० मिलिग्रॅम मीठ घ्या, आणि नुसत्या मिठाची गोळीही त्याच दिवशी, त्याच हवेत दाबा. डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातली) पाणी शोषणारी निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती आधी भाजून घ्या.