फरशी घेण्याआधी हिशेब असा मांडा

दुकानदार टाइल्सचा चौरस फुटाचा भाव सांगतो, पण खर्च तिथेच संपत नाही. हमाली, वाळू-सिमेंट किंवा अॅडेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला), मिस्त्रीची मजुरी, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा मसाला) हे सगळं धरूनच भाव ताडून बघा.

१० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. दार सोडून ४१ फूट भिंतीला ४ इंची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याशी लावायची टाइलची पट्टी), म्हणजे आणखी सुमारे १४. त्यावर १० टक्के तूट धरली की १४७. दोन बाय दोनच्या चार टाइल्सच्या बॉक्समध्ये साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात, म्हणून १० बॉक्स लागतील. सगळे एकाच बॅचचे घ्या. नंतर आणलेल्या बॉक्सची शेड हमखास वेगळी निघते.

व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारखी घट्ट केलेली) टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर नीट धरत नाही. अॅडेसिव्ह खाचांच्या थापीने पूर्ण पसरवा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून बसवलेली टाइल टिचकी मारल्यावर पोकळ वाजते आणि जड कपाटाखाली तडकते. दोन टाइल्समध्ये सारखी फट राहावी म्हणून दोन मिलिमीटरचे स्पेसर ठेवाच.

नागपुरात काळ्या मातीवरचं घर असेल तर आधी भराव बघा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यात मुरूमच हवा, थराथराने पाणी मारून धुमसलेला. तिथे पैसे वाचवू नका! गच्चीवर गडद फरशी टाळा. मे महिन्यात पाय भाजतात.