क्युप्रस क्लोराइड हिरवे पडते? तयार करताना या चुका टाळा

मोरचूद, मीठ आणि सोडियम सल्फाइट यांपासून क्युप्रस क्लोराइड (एकसंयुजी तांब्याचे क्लोराइड) मिळवणे ही सोपी कृती समजली जाते. परंतु पांढऱ्याशुभ्र भुकटीऐवजी हिरवट लगदा हाती येतो, अशी तक्रार अनेक विद्यार्थी करतात. दोष बहुधा अभिक्रियेत नसून, अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) तयार झाल्यानंतरच्या हाताळणीत असतो.

हिशेब सरळ आहे: २५ ग्रॅम मोरचुदाला तत्त्वतः ६.३ ग्रॅम निर्जल सल्फाइट लागते आणि ९.९ ग्रॅम उत्पादन मिळते. ते फारच कमी भरले, तर मीठ जास्त पडले का ते पाहावे, कारण जादा क्लोराइडमुळे अवक्षेप संकुल आयनाच्या (तांबे व क्लोराइड मिळून बनलेल्या विद्राव्य आयनाच्या) रूपात पुन्हा विरघळतो. असे द्रावण भरपूर पाण्यात ओतल्यास तो परत खाली बसतो. सल्फाइट एकदम ओतू नये. अभिक्रियेत आम्ल तयार होत असल्याने सल्फर डायऑक्साइड सुटू शकतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करावे.

खरे नुकसान होते ते धुताना. साध्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ओल्या अवक्षेपाचे ऑक्सिडीकरण करतो आणि हिरवे क्षारीय क्युप्रिक (द्विसंयुजी तांब्याचे) क्लोराइड तयार होते. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे सल्फाइट व विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्याने धुवावे. निर्वात गाळणी करताना अवक्षेपाचा थर कोरडा पडून त्याला भेगा गेल्या, की पंप त्यातून सतत हवा ओढत राहतो. ही चूक सर्रास होते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. थरावर द्रव शिल्लक असतानाच पुढचे धावन ओतावे आणि शेवटी इथेनॉल व ईथर वापरावे. तेव्हा जवळपास ज्योत नसावी. नंतर निर्वात शोषकपात्रात (डेसिकेटरमध्ये) सुकवावे, उघड्या ओव्हनमध्ये नव्हे. प्रकाशानेही रंग काळवंडतो, त्यामुळे तपकिरी, घट्ट झाकणाची बाटली हवी.

सँडमायर अभिक्रियेसाठी (जिच्यात बेंझीन वलयावरील डायझोनियम गटाच्या जागी क्लोरीन बसवतात) ताजेच क्युप्रस क्लोराइड घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. तरीही हिरवट पडलेला साठा टाकून देण्याची गरज नाही. तो संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून तांब्याच्या कातरणांसह तापवावा. गडद तपकिरी रंग दोन्ही ऑक्सिडीकरण अवस्थांतील (क्युप्रस व क्युप्रिक) तांबे अजून द्रावणात असल्याचे दाखवतो. तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत थांबून मगच, कातरणे मागे ठेवून, द्रावण भरपूर सल्फाइटयुक्त पाण्यात ओतावे. घाई केल्यास उरलेले क्युप्रिक क्लोराइड पाण्यातच राहते आणि उत्पादन तेवढे घटते.