चिकन आतून शिजलंय का, हे थर्मामीटरने कसं बघायचं

बाहेरून मस्त ब्राऊन झालंय, सुरी टोचली तर पाणी स्वच्छ येतंय, म्हणजे शिजलं, असं आपण धरून चालतो. पण रंगावर भरवसा ठेवण्यात खरंच काही अर्थ नाही. मांसाचा लाल-गुलाबी रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनमुळे असतो, आणि ते कधी पुरेसं तापायच्या आधीच तपकिरी पडतं (खिम्यात हे फार होतं) तर कधी नीट शिजल्यावरही गुलाबीच राहतं, हाडाजवळ जास्तच. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय ही पोट बिघडवणाऱ्या जंतूंची मंडळी रंग बघून मरत नाहीत, तापमानाने मरतात, त्यामुळे मोजायचं ते तापमानच.

त्यासाठी आधी बारीक टोकाचा, पटकन रीडिंग देणारा डिजिटल फूड थर्मामीटर घ्या. घरातला ताप बघायचा थर्मामीटर चालणार नाही, त्याची धाव ४२ अंशांच्या आसपासच संपते. लांबून रोखायची इन्फ्रारेड गन पण यासाठी नको, ती फक्त वरचा थर मोजते आणि आपल्याला तर आतलं बघायचंय.

मग तो बरोबर दाखवतोय का ते तपासा. हे बहुतेक जण करतच नाहीत! ग्लासभर बर्फाचा चुरा घ्या, तो बुडेल एवढंच गार पाणी घाला, ढवळा आणि टोक मधोमध धरा, तळाला किंवा काचेला टेकवू नका. थोड्या वेळात ० अंश यायला हवं. उकळत्या पाण्यातही तपासता येतं, पण १०० अंश हे समुद्रसपाटीला, उंचावर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी होतो, म्हणून बर्फाचीच पद्धत बरी.

आता टोक कुठे खुपसायचं, सगळी गंमत इथेच आहे. आपल्याला त्या तुकड्यातली सगळ्यात थंड जागा शोधायचीय, आणि ती असते सगळ्यात जाड भागाच्या मधोमध. हाडाला टोक लागलं की आकडा चुकतो, चरबीचा थर पण टाळा. आख्खं चिकन असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला आणि छातीच्या जाड भागात, दोन्हीकडे बघा. पॅटी किंवा पातळ तुकडा असेल तर वरून नाही, बाजूने आडवं घाला, नाहीतर टोक खालच्या गरम तव्यापर्यंत जातं आणि आपण उगाच खूश होतो. दोन-तीन जागी बघा आणि सगळ्यात कमी आकडा आला तोच खरा माना. कमी निघालं तर परत शिजवायला ठेवा, पण पुढचं रीडिंग घ्यायच्या आधी टोक साबणाच्या गरम पाण्याने धुवा, कारण अर्धकच्च्या मांसातले जंतू त्याच टोकाला लागलेले असतात.

आकडे सगळे सेल्सियसमध्ये: चिकन, टर्की, बदक, म्हणजे कुठलाही पक्षी, अख्खा असो की खिमा, ७४. बाकी मांसाचा खिमा ७१. मटण, बीफ, पोर्क यांचे आख्खे तुकडे ६३, आणि आचेवरून काढल्यावर कापायच्या आधी किमान ३ मिनिटं तसेच ठेवायचे, कारण त्या वेळातही जंतू मरत असतात. मासे ६३. अंडं घातलेले पदार्थ ७१.

खिम्याला जास्त का? आख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि तिथे तर आच थेट लागते, पण खिमा केला की तेच जंतू आतपर्यंत मिसळले जातात. पोर्कसाठी जुन्या पुस्तकांत सगळीकडे ७१ दिसेल. अमेरिकेच्या कृषी खात्याने आख्ख्या तुकड्यांसाठी तो आकडा २०११ मध्ये ६३ वर आणला, खिम्याचा मात्र तोच ठेवला. तसं चिकन ७४ पेक्षा कमी तापमानाला जास्त वेळ धरून ठेवलं तरी सुरक्षित होतं, पण घरी घड्याळ लावून कोण उभं राहणार, ७४ ला काम लगेच होतं, ते गाठा आणि मोकळे व्हा.

मोठा तुकडा आचेवरून काढल्यावरही आतून काही अंश वाढतो हे खरंय, फक्त त्या हिशोबाने लवकर काढलं तर नंतर परत मोजा. मायक्रोवेव्हमध्ये तर एकाच भांड्यात एका कोपऱ्यात वाफा आणि दुसरीकडे गार असं असतं, त्यामुळे झाकून ठेवा, मध्ये ढवळा, थोडं मुरू द्या, मग तीन-चार जागी मोजा.

शिल्लक राहिलेलं परत गरम करताना पण ७४. पण ते आधी नीट ठेवलेलं हवं. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाका, बाहेर ३२ च्या वर गरमी असेल तर एका तासातच. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, भात बाहेर राहिला की त्यांचे जंतू होतात आणि ते विष सोडतात, आणि ते विष उष्णतेने जात नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात ७४ पर्यंत तापवून उपयोग नाही, टाकूनच द्या.