रेंजवर अचानक दचकल्यावर काय करावे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या नेमबाजीच्या 10 मीटरच्या रेंजचे छप्पर पत्र्याचे आहे आणि त्यावर दोन माड वाकलेले आहेत. मे महिन्याच्या अखेरीस वारा सुटला की वाळलेली झावळी निखळून पत्र्यावर आदळते आणि आत श्वास रोखून उभ्या असलेल्या मुलांच्या डोक्यावरच काहीतरी फुटल्यासारखा आवाज होतो. काही वर्षांपूर्वी अशीच झावळी पडली, तेव्हा 14 वर्षांची एक मुलगी पेलेट (छर्रा) भरून एअर पिस्तूल उचलत होती. ती दचकली, पण गोळी सुटली नाही. मी मात्र घाबरून मागून तिचे नाव घेऊन हाक मारली आणि हाकेसरशी ती पिस्तुलासकट माझ्याकडे वळली. नळीचे तोंड शेजारच्या दोन लेनवरून फिरून माझ्या छातीसमोर येऊन थांबले. कोणाला काही झाले नाही. चूक माझी होती, आणि पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे मी त्या दिवसापासून शिकत आलो आहे.

दचकणे थांबवता येत नाही, हे आधी मान्य करावे. मोठा आवाज कानावर पडला की काय झाले हे मनाला कळण्याआधीच पापण्या मिटतात, खांदे वर येतात, कोपर आत ओढले जातात आणि मुठी आवळल्या जातात. यातली मूठ आवळली जाणे नेमबाजासाठी सर्वांत धोक्याचे असते, कारण मुठीबरोबर तर्जनीही आवळली जाते. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने किमान 500 ग्रॅम वजन पेलले पाहिजे असा स्पर्धेचा नियम आहे. एअर रायफलला तर अशी किमान मर्यादाच नाही, त्यामुळे तिचा ट्रिगर अगदी हलक्या स्पर्शाने सुटेल असा लावलेला असतो. दचकलेल्या हाताचा जोर यापेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, फ्रेमला लागून सरळ ठेवायचे, हा नियम केवळ शिस्तीचा भाग समजू नये. दचकण्याच्या त्या क्षणी तुमच्या हाताशी तेवढा एकच बचाव असतो.

हे स्वतःला पटवून घ्यायचे असेल तर रेंजबाहेर एक साधा प्रयोग करून पाहावा. उजव्या हातात लाकडी पट्टी पिस्तुलासारखी धरावी, तर्जनी पट्टीच्या खाली मोकळी ठेवावी आणि डाव्या हाताची मूठ एकदम, सगळा जोर लावून आवळावी. उजवी तर्जनीही किंचित आत वळलेली दिसेल. म्हणूनच तोल जाताना डाव्या हाताने टेबल गच्च धरणारा नेमबाजसुद्धा नकळत ट्रिगर दाबू शकतो. आता तर्जनी पट्टीच्या कडेला टेकवून हाच प्रयोग करावा; ती लाकडावर दाबली जाते आणि तिथेच राहते.

आता प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे ते सांगतो. जिथे उभे आहात तिथेच राहा आणि पाय हलवू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवा. बोट ट्रिगरवर असेल तर बाहेर काढा. मान वळवून पाहायला हरकत नाही, पण खांदे आणि कंबर वळता कामा नये, कारण त्यांच्याबरोबर नळीही वळते. मग नळी समोरच ठेवून गन टेबलावर ठेवा, हात मोकळे करा आणि त्यानंतरच काय झाले ते पाहायला वळा. या सगळ्याला तीन-चार सेकंद लागतात, आणि झावळीच काय, भिंत कोसळली असती तरी त्या तीन-चार सेकंदांत भरलेली गन हातात घेऊन तुम्हाला काहीही करता आले नसते.

मागे उभ्या असलेल्यांसाठी, विशेषतः पालकांसाठी, एक कळकळीची विनंती आहे. नेम धरलेल्या मुलाच्या खांद्याला मागून हात लावू नका आणि त्याला नावाने हाक मारू नका. नाव ऐकले की माणूस वळतो. ती अगदी लहानपणापासूनची सवय आहे. कानावर इअरमफ असतील तर पाठीवरचा हात हा आवाजापेक्षाही मोठा धक्का ठरतो. काही सांगायचेच असेल तर 'स्टॉप' म्हणा, कारण त्या शब्दाला काय करायचे हे मुलाच्या हाताला पाठ असते. आमच्याकडे आता मी मुलांना 'नळी समोर' एवढेच दोन शब्द सांगतो, आणि तेही बाजूने, दिसेल असे उभे राहून.

'स्टॉप' ही आज्ञा कोणाचीही असली, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या मुलाची असली, तरी ती पाळायची. कोणी लक्ष्याच्या बाजूला गेलेले दिसले, कुत्रे आत शिरले, कोणाला भोवळ आली, तर परवानगीची वाट न पाहता ती मोठ्याने द्यायची. आज्ञा झाल्यावर नेम कितीही सुंदर जमलेला असो, गोळी सोडायची नाही. एअर गनमध्ये पेलेट भरलेले असेल तर हात वर करून 'गन लोड आहे' असे रेंज ऑफिसरला सांगावे. ती गोळी झाडून रिकामी करायची असेल तर त्याची परवानगी लागते. रिकामी झाल्यावर नळीतून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे गन रिकामी असल्याची खूण म्हणून रंगीत दोरी, घालावा, जेणेकरून दुसऱ्यालाही ते लांबून दिसेल.

कोकणात पावसाळ्यात वीज जाते, आणि बंद हॉलमध्ये ती जाते तेव्हा क्षणभर डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. अशा वेळी सर्वांनी जागेवर थांबून, नळी समोर ठेवून, चाचपडत का होईना पण गन टेबलावर ठेवावी आणि डाव्या टोकाच्या लेनपासून एकेकाने आपली गन भरलेली आहे की रिकामी ते मोठ्याने सांगावे. दिवे आल्याबरोबर पुढे धावू नये. प्रत्येक गनमध्ये फ्लॅग दिसल्यावर आणि रेंज ऑफिसरने सांगितल्यावरच कोणी पुढे जावे. पत्र्याखाली गांधीलमाशांचे पोळे असेल तर ते सराव सुरू होण्याआधी काढून घ्यावे हे उत्तम; पण माशी मानेवर बसलीच, तर आधी गन टेबलावर आणि मग हात मानेकडे, हा क्रम चुकू देऊ नये. ती चावली तर चावू द्यावी. .22 रायफलच्या गोळीबारात शेजारच्याची तापलेली पुंगळी कॉलरमधून आत जाते तेव्हाही हेच करावे. ती चटका देते, पण तो चटका काही दिवसांत बरा होतो.

.22 च्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. ट्रिगर दाबला आणि बार झालाच नाही, तर बोल्ट लगेच उघडू नये. नळी समोर धरून किमान 30 सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिराही पेटू शकते. ठासणीच्या बंदुकीची दारू सर्दावली की बार मागाहून होतो, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते. दुसरी गोष्ट अशी की बार झाला पण आवाज फुसका आला, तर पुढची गोळी अजिबात भरू नये. शिसे नळीतच अडकलेले असू शकते. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवावे आणि नळी मोकळी असल्याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्यावी.

कोणी जखमी झालेच, तर आधी 'स्टॉप', मग सगळ्या गन रिकाम्या, आणि त्यानंतर मदत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. डोळ्याला पेलेट किंवा त्याचा तुकडा लागला असेल तर डोळा चोळू, धुऊ किंवा दाबू नये. त्यावर दाब येणार नाही अशा रीतीने कागदी पेला उपडा ठेवून तो बांधावा आणि 108 ला फोन करावा. जवळचे नेत्ररुग्णालय कोणते, हे भिंतीवर आधीच लिहिलेले असावे.

सुरक्षेचा भाग झाला की मनाचा भाग उरतो, आणि तो सोपा नसतो. दचकल्यानंतर छातीतली धडधड काही मिनिटे टिकते आणि ती हातापर्यंत येते. 10 मीटरच्या स्पर्धेत 60 गोळ्यांसाठी 75 मिनिटे मिळतात, म्हणजे एका गोळीला सरासरी सव्वा मिनिट. तयारीच्या नेमबाजाला इतका वेळ सहसा लागत नाही, म्हणजे हाताशी काही मिनिटे शिल्लक असतातच. त्यातली दोन मिनिटे इथे खर्च करावीत. खुर्चीवर बसावे, चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा, असे आठ-दहा वेळा करावे. मुले म्हणतात की वेळ वाया जातो. पण थरथरत्या हाताने घाईघाईत सोडलेल्या सातच्या गोळीची भरपाई पुढच्या कोणत्याही गोळीने होत नाही, कारण एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत एका गोळीला दहाच्या वर गुण नाहीत.

धक्का आवाजाचाच असतो असे नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (तीन वेगवेगळ्या पवित्र्यांतून नेम धरायच्या स्पर्धेच्या) अंतिम फेरीत आघाडीवर होता आणि शेवटची गोळी त्याने शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारली. तिला शून्य मिळाले आणि तो आठव्या स्थानावर गेला. टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला. दुरुस्ती करून परतल्यावरही तिने 575 गुणांपर्यंत मजल मारली, अंतिम फेरी थोडक्यात हुकली, आणि 2024 मध्ये पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके घेतली. मुलांना मी ही दोन्ही उदाहरणे सांगतो ती पदकांसाठी नव्हे. प्रत्येक गोळीआधी आपल्या लेनचा क्रमांक डोळ्यांनी वाचायचा आणि गन बिघडली तर तिच्याशी झटापट न करता हात वर करायचा, एवढे त्यांच्या लक्षात राहावे म्हणून सांगतो.

पुन्हा सुरुवात करताना नळी रिकामी आहे याची खात्री करून, परवानगी असेल तर ड्राय फायरचे, म्हणजे गोळी न भरता नुसता ट्रिगर दाबण्याचे, दोन-तीन शॉट घ्यावेत. नंतरची पहिली गोळी नेहमीपेक्षा सावकाश घ्यावी, आणि नेम स्थिरावला नाही तर हात खाली घेऊन पुन्हा उचलावा. सराव संपल्यावर वहीत तारीख, काय झाले, तेव्हा बोट कुठे होते आणि नळी किती हलली, एवढे लिहावे. त्या मुलीने त्या दिवशी वहीत लिहिले होते, 'बोट बाहेर होते. वळले.' त्याखाली मी माझी नोंद केली, 'नावाने हाक मारली', आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन दोन्ही माडांच्या वाळलेल्या झावळ्या उतरवून घेतल्या.