पोरांसोबत विमान बांधायचंय? आधी रिव्हेट शिका

विमानाचा अख्खा संच मागवून घरात खोकी रचून ठेवू नका. आधी पत्र्याचे दोन तुकडे, मग फक्त रडर (शेपटीचं उभं, वळणारं पातं) आणि तो जमला तरच पुढचं. पत्र्याच्या विमानात रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या डोकं असलेल्या धातूच्या छोट्या दांड्या, हजारोंनी असतात. भरीव रिव्हेट मारायला बहुतेक ठिकाणी दोघं लागतात: एकजण पुढून हवेवर ठोकणारी गन चालवतो, दुसरा मागून बकिंग बार हा जड ठोकळा टेकवतो, त्यावर रिव्हेटचं टोक चेपून मागचं डोकं बनतं. म्हणूनच हे काम आई-बाप आणि लेकरानं मिळून करण्याजोगं आहे. दहा-अकरा वर्षांचं पोरगं बार नीट धरू शकतं. गन मात्र मोठ्यांकडेच.

पाच फूट बाय दोन फुटांचं, न हलणारं टेबल पुरतं. बकिंग बार कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुणीही करून देईल: पाऊण ते एक किलोचा पोलादी ठोकळा, एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, कडा गोल केलेल्या. कडा तशाच धारदार ठेवल्या तर पहिल्याच दिवशी पत्र्यावर ओरखडे उठतात. पत्रा आणि रिव्हेट मात्र बाजारातून नकोत, विमानाचेच मागवा. लागणारा एडी जातीचा रिव्हेट ओळखायला सोपा आहे, त्याच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. खळगा नसलेला मऊ अॅल्युमिनियमचा रिव्हेट दिसायला तसाच, पण ताकदीला फार कमी. पिशवी उघडली की डोकी तपासायचं काम पोरांना द्या.

आता सराव. ०.८ मिमी जाडीचे, १०० मिमी चौरस दोन तुकडे घेऊन एकावर एक ठेवा. खुणा बारीक मार्करनं करा. शिसपेन्सिल नको, ग्रॅफाइटमुळे अॅल्युमिनियमला गंज धरतो, आणि पोरांच्या हातात तर पेन्सिलच असते! कडेपासून १० मिमी आत रेघ मारून दर २५ मिमीवर पंच मारा. १/८ इंची, म्हणजे ३.२ मिमीच्या रिव्हेटसाठी भोक ३० नंबरच्या बिटनं पाडा. भोकाचं केंद्र कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुपटीहून जवळ कधीच नको, पत्रा तिथून फाटतो. भोकं झाली की पत्रे वेगळे करून दोन्ही बाजूंची उठलेली धार काढा. कंटाळून ही पायरी गाळली की पत्र्यांमध्ये फट राहते आणि रिव्हेट त्या फटीतच फुगतो. मग एकाआड एक भोकात क्लिको (पत्रे तात्पुरते धरणारी स्प्रिंगची पकड) लावून पत्रे घट्ट धरा.

रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. इथे १.६ अधिक ४.८, म्हणजे ६.४ मिमी, पाव इंची रिव्हेट बरोबर बसतो. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा दोघांनीही लावायचा. थ्री-एक्स आकाराची गन ३५-४० पीएसआय हवेच्या दाबावर सुरू करा. बार टेकला की पोरानं "तयार" म्हणायचं, त्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. बार नसताना गन चालली तर पत्र्याला पोचा येतो, तो निघत नाही. गनचं तोंड कामावर टेकलेलं नसेल तेव्हाही ट्रिगर दाबू नका, सेट, म्हणजे गनच्या तोंडातला ठोकणारा तुकडा, सुटून उडतो. दोन-तीन सेकंदांत काम संपवा. उगाच ठोकत बसलात तर रिव्हेट कडक होऊन चिरतो.

मागचं डोकं ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच आलं पाहिजे. मापायचं काम कॅलिपर घेऊन पोरांनी करावं, आणि त्यांनी नापास केलेला रिव्हेट मोठ्यांनी निमूट काढावा. डोकं एका बाजूला कललं तर बार तिरका होता. पुढच्या डोक्याशेजारी चंद्रकोरीसारखी खूण उमटली तर गन तिरकी होती. काढताना त्या खळग्यातच बिट टेकवून फक्त डोक्याच्या जाडीइतकं ड्रिल करा, डोकं उडवा, मागून पत्र्याला आधार देऊन दांडा पंचानं ढकला. पन्नासेक रिव्हेट सलग पास झाले की रडरकडे वळा. (झेनिथ ही अमेरिकन कंपनी रडरचा वेगळा संच विकते, पण त्यात एकट्यानं मारायचे ब्लाइंड रिव्हेट असतात. बार धरायचं काम हवं असेल तर भरीव रिव्हेटचा संच निवडा.)

कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा पत्रा नुसता ठेवू नका. घामाचे ठसे पुसा, पत्रा धुवून पूर्ण वाळवा आणि मगच प्रायमर. झिंक क्रोमेट प्रायमरमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. प्रायमर मोठ्यांनीच मास्क लावून मोकळ्यावर मारावा, तेव्हा पोरं आसपासही नकोत.

मोठा संच घेण्याआधी डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) लेखी बोला. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, भागाचा नंबर, तास, कुणी काय केलं, बिलं. रडरचा दुसरा पत्रा बसवण्याआधी आतल्या प्रत्येक रांगेचे फोटो काढा. एकदा बंद झालं की तपासनिसाला दाखवायला दुसरं काही उरत नाही.