काँक्रीट खडखडीत वाळलंय? इपॉक्सीआधी या चुका टाळा

नवी मुंबईत तुर्भ्यातल्या एका गाळ्याच्या जमिनीवर इपॉक्सीचा (दोन घटक मिसळून टाकायचा कडक, चकचकीत थर) काम मी मे महिन्यात केलं होतं. जुनं ट्रिमिक्स (ओतल्यावर जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून घेतलेलं काँक्रीट), वरून खडखडीत वाळलेलं. मालकाला पावसाआधी मशिनं बसवायची घाई. ओल तपासायला मी रीतसर जमिनीवर प्लास्टिक चिकटवून बघितलं, खाली थेंबही नव्हता. ऑगस्टमध्ये फोन आला, "साहेब, जमिनीला फोड आलेत." नाण्याएवढे फुगे होते. एक कटरने कापला तर आतून साबणासारखं बुळबुळीत पाणी निघालं. माल चांगला होता, मिक्सिंगही बरोबर होतं. चुकलो ते मी, मे महिन्यातल्या जमिनीवर ऑगस्टचा भरवसा ठेवला.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून ओल वर ओढली जाते. एरवी ती वाफेच्या रूपाने उडून जाते, कुणाला कळतही नाही. इपॉक्सी टाकलं की तोंड बंद. वर येणारं पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, थराखाली साचतं आणि थराला उचलतं. स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद असेल तर हे बरंच टळतं, पण जुन्या शेडमध्ये तो सहसा नसतो. असलाच तर सळ्या बांधताना कुठे फाटला ते कुणी बघितलेलं नसतं. म्हणून उन्हाळ्यात चाचणी घेतलीत तर मालकाला एक प्रश्न जरूर विचारा: पावसाळ्यात भिंतींना खालून लोणा लागतो का? हो म्हणाला, तर चाचणी काहीही सांगो, खालून ओल आहे असंच धरून चाला.

"२८ दिवस झाले, आता चालेल"

२८ दिवस काँक्रीटला ठरलेली ताकद येण्याचे. सुकण्याचा हिशेब वेगळा. एकाच बाजूने सुकणाऱ्या काँक्रीटला चांगल्या हवेत इंचाला साधारण एक महिना, असा आमच्यात ढोबळ अंदाज आहे. म्हणजे १५० मिलिमीटरच्या स्लॅबला सहा महिने. आपल्याकडे त्यातले चार पावसाचे निघाले तर पुढचं सांगायला नको.

प्लास्टिक एकाच ठिकाणी लावणं

दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक, चारही कडा टेपने हवाबंद, निदान १६ तास. नंतर प्लास्टिकच्या आत दव किंवा खालचं काँक्रीट काळपट दिसलं तर काम थांबवा. बहुतेक जण गाळ्याच्या मध्यभागी एक तुकडा लावून मोकळे होतात. ओल मात्र धुण्याच्या जागेजवळ, मागच्या गटाराकडच्या भिंतीलगत आणि शटरच्या उंबऱ्याशी असते. तिथे लावा, आणि ऊन पडेल तिथे लावू नका. शिवाय ही चाचणी नापास झाली तर खात्रीने ओल आहे, पास झाली तर खात्री काहीच नाही. हातातला ओल मोजायचा मीटरही वरच्या थोड्याच थराचं सांगतो. मोठ्या कामाला भोक पाडून आत प्रोब, म्हणजे काँक्रीटच्या आतली आर्द्रता मोजणारी कांडी, बसवावा. एका बाजूने सुकणाऱ्या १५० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये भोक ६० मिलिमीटर खोल, आणि प्रोब आत बसवून पूर्ण दिवस गेल्यावरच आकडा वाचायचा. मर्यादा प्राइमरच्या (इपॉक्सीखालचा पहिला हात) डेटा शीटवर असते, बहुधा ७५ ते ८० टक्के आर्द्रतेच्या आसपास.

हवेतल्या ओलीकडे दुर्लक्ष

खालून ओल नसली तरी वरून येते. नियम असा की काँक्रीटचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) निदान ३ अंशांनी जास्त हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ च्या जरा वर जातो. म्हणजे काँक्रीटही ३० च्या वर हवं. जुलैच्या सकाळी, रात्रभर बंद असलेल्या गाळ्यात? आर्द्रता ७० टक्क्यांवर आली की दवबिंदू २४ वर उतरतो आणि काम जमतं. म्हणून सकाळी आल्या आल्या शटर सताड उघडू नका. बाहेरची दमट हवा थंड काँक्रीटवर बसते, डोळ्याला दिसत नाही आणि प्राइमर पकड घेत नाही. आधी मोजा, मग डबा उघडा.

यावर गॅसचा शेगडीवजा हीटर लावणारे महाभाग मी पाहिलेत. गॅस जळला की पाण्याची वाफच तयार होते, वर गाळ्यात धूर कोंडतो. डिह्युमिडिफायर भाड्याने आणा. इपॉक्सीच्या ताज्या, न सुकलेल्या थरावर रात्री दमट हवा बसली की सकाळी पांढरट, चिकट साय येते. ती कोमट पाण्याने घासून धुवा आणि पूर्ण सुकू द्या. तिच्यावरच पुढचा हात मारलात तर तो पापुद्र्यासारखा निघेल.

ग्राइंडिंगची कंजुषी

ट्रिमिक्सचा वरचा भाग गुळगुळीत, बंद असतो. पाण्याचे चार थेंब टाका. मण्यासारखे उभे राहिले तर अजून घासायचं आहे, किंवा खाली तेल अथवा क्युरिंगचं (काँक्रीट लवकर सुकू नये म्हणून मारलेलं) केमिकल आहे. ॲसिडने भागवू नका. आधीच ओल्या जमिनीत आणखी पाणी आणि क्षार कशाला? डायमंड ग्राइंडर किंवा शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्रे मारून वरचा थर खरवडणं), आणि धूळ व्हॅक्यूमने. घासून झाल्यावर पाइप मारून धुणाऱ्या माणसाला मात्र गेटवरच अडवा.

ओल निघालीच तर साध्या प्राइमरचे दोन हात जास्त मारून ती दबत नाही. ओलीसाठीचा खास प्राइमर घ्या, किंवा तीन घटकांचा इपॉक्सी-सिमेंटचा साधारण २ मिलिमीटर थर द्या. धुण्याच्या जागी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट जास्त टिकतं.

तुर्भ्याच्या गाळ्यातलं सगळं इपॉक्सी शेवटी खरवडून काढावं लागलं. मशिनं हलवण्याचा खर्च माझ्या अंगावर आला. जानेवारीत इपॉक्सी-सिमेंट टाकून पुन्हा केलं. गटाराकडच्या भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा मात्र उघडाच ठेवला. मालक आधी कुरकुरला, आता तिथे लाकडी पॅलेट रचून ठेवतो.