कवड्या कोण टाकणार? ऑनलाइन गेमचं इंजिन निवडताना या चुका टाळा

सुट्टी लागली की बेळगावात शहापूरच्या आमच्या घरी दोन-चार पोरं लॅपटॉप घेऊन हजर होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, युनिटी शिकू, अनरियल शिकू, का गोडॉट?" ही तिन्ही इंजिनं, म्हणजे खेळ बनवायची तयार सॉफ्टवेअरं. मी उलट विचारतो, "खेळ कुठला करणार? आणि त्यात कवड्या कोण टाकणार, फोन का सर्व्हर?" दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. सर्व्हर म्हणजे सगळ्या फोनना जोडणारा मधला कॉम्प्युटर. पण ऑनलाइन खेळाचं इंजिन ठरतं ते त्याच्याच उत्तरावरून.

मी स्वतः चौकाबाऱ्यापासून सुरुवात केली. पाच बाय पाचचा पट, चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चार घरं, चारही पालथ्या पडल्या तर आठ. आधी एकट्यापुरता खेळ करू, ऑनलाइन मागाहून जोडू, असं ठरवलं आणि तिथंच फसलो. प्रत्येक फोन आपापल्या कवड्या टाकत होता, आपापला पट हलवत होता. दोन फोन जोडले तेव्हा एकाच्या पटावर माझी सोंगटी मेलेली, दुसऱ्याच्या पटावर घराच्या तोंडाशी. जवळजवळ सगळा कोड पुन्हा लिहावा लागला.

आता माझा नियम असा. फोननं फक्त "टाकू का?" एवढं विचारायचं. पाळी कोणाची ते बघणं, आकडा काढणं, सोंगटी तिथं जाऊ शकते का ते तपासणं, हे सगळं सर्व्हरचं काम. आकडा फोनवर ठरत असेल तर थोडी माहिती असलेला कुणीही दर वेळी आठ पाडून घेईल.

हे मान्य केलं की इंजिनाची निवड बरीच सोपी होते. चौकाबारा, बुद्धिबळ, पत्ते असे पाळीपाळीचे खेळ असतील तर सेकंदाला एखादा निरोप गेला तरी पुरतो. त्याला गोडॉट पुरेसं आहे. फक्त ब्राउझरमध्येच चालवायचा असेल तर जावास्क्रिप्ट भाषेवरचं फेझर हे इंजिन आणि एक साधा वेबसॉकेट सर्व्हर (वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी), तेवढंही चालतं. कबड्डी किंवा गाड्यांची शर्यत असेल तर खेळाडूची जागा सेकंदाला वीस-तीस वेळा कळवावी लागते. निरोप उशिरा आला तर खेळाडू कुठं असेल याचा अंदाज बांधावा लागतो, अंदाज चुकला तर तो गुपचूप दुरुस्त करावा लागतो. हे पहिल्या खेळात करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ट्रेलर बघून आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अनरियलही उतरवू नका. ते इंजिन उत्तम आहे, नेटवर्कची सोय त्यात मुळातच आहे, पण तुमचा महिना ते उघडण्याची वाट बघण्यात जाईल.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार ही: "घरात दोन्ही फोनवर चालतं, वडगावातल्या मित्राकडे जोडतच नाही." एकाच वायफायवर चाललेला खेळ ऑनलाइन झाला असं समजणं हीच चूक. मोबाइल कंपन्या आणि पुष्कळ ब्रॉडबँडवाले अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, देतात. तुमचा फोन किंवा राउटर त्या एका पत्त्याच्या भिंतीआड असतो. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून कुणाला तुमच्यापर्यंत येता येत नाही, मग राउटरवर पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, कितीही उघडा. खात्री करायची असेल तर राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता आणि "माझा आयपी" दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर घरच्या मशीनवर खेळाचा सर्व्हर चालवायचा नाद सोडा. सार्वजनिक पत्ता असलेला लहानसा लिनक्स सर्व्हर भाड्यानं घ्या, शक्यतो मुंबईतला. निरोप अमेरिकेला जाऊन परत येईपर्यंत दोनशे मिलीसेकंदांच्या वर जातात. मुंबईहून तो त्याच्या कितीतरी आधी येतो. गोडॉटचा खेळ अशा सर्व्हरवर पडद्याशिवाय, हेडलेस पद्धतीनं चालतो. युनिटीत फोटॉनसारखी, खेळाडूंना जोडून देणारी मधली सेवा घेऊनही काम भागतं.

फोनवरच्या काही किरकोळ वाटणाऱ्या, पण रात्र घालवणाऱ्या गोष्टी. गोडॉटमधून केबल लावून चालवलं तर खेळ जोडतो, एपीके (अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची फाइल) बनवून मित्राला पाठवलं की जोडत नाही? अँड्रॉइडच्या एक्सपोर्टमध्ये इंटरनेटच्या परवानगीवर खूण केलेली नसते. चाचणीच्या वेळी इंजिन ती स्वतःच देतं, म्हणून लक्षात येत नाही. ब्राउझरमध्ये अडतंय? ब्राउझर खेळाला थेट यूडीपी (निरोप पाठवायची एक जलद पद्धत) वापरू देत नाही, म्हणून गोडॉटची त्यावर चालणारी नेटवर्कची सोय, ईनेट, तिथं चालत नाही. वेबसॉकेट किंवा वेबआरटीसी, हे ब्राउझरला चालणारे मार्ग घ्यावे लागतात. पान एचटीटीपीएसवर असेल तर वेबसॉकेटही सुरक्षित, म्हणजे डब्ल्यूएसएस हवा. साधा डब्ल्यूएस ब्राउझर अडवतो. गोडॉट ४ मध्ये सी शार्प भाषेत लिहिणार असाल तर वेबवर खेळ काढण्याआधी तुमच्या आवृत्तीत ती सोय आहे का ते बघा. बराच काळ ती नव्हती.

आपल्या भागात एक परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यायला हवी, आणि ती कुठल्याच परदेशी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. रिकाम्या पडद्यावर "चिक्कोडी" हे आपल्याकडचं गावाचं नाव लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये. मराठीत पहिली वेलांटी साठवली जाते 'च'नंतर, पण काढावी लागते 'च'च्या आधी. 'क्क' जोडून यावा लागतो. ही जुळणी इंजिनला करता आली नाही तर वेलांटी भलत्या अक्षरावर चढते आणि पाय मोडलेले दोन 'क' शेजारी उभे राहतात. गोडॉट ३ मध्ये हेच व्हायचं. २०२३ मध्ये आलेल्या गोडॉट ४ मध्ये ते सुटलं. युनिटीतलं मजकूर दाखवायचं नेहमीचं साधन, टेक्स्टमेशप्रो, अजून देवनागरी नीट जुळवत नाही. तिथं यूआय टूलकिट या बटणं-मजकूर मांडायच्या दुसऱ्या साधनातला नवा मार्ग शोधावा लागतो. फेझर साधा मजकूर ब्राउझरकडूनच काढून घेतं, म्हणून तिथं अडचण येत नाही. आपल्या आज्जीला वाचता येईल असा चौकाबारा करायचा असेल तर ही गोष्ट ग्राफिक्सच्या आधी येते.

जुनी ट्युटोरियलं हा आणखी एक खड्डा. व्हिडिओत युनिटीचं "यूनेट" (नेटवर्कची जुनी सोय) दिसलं तर बंद करा, ते कधीच मोडीत निघालं. गोडॉटच्या कोडमध्ये "पपेट", "मास्टर" किंवा "यील्ड" हे शब्द दिसले तर तो धडा तिसऱ्या आवृत्तीचा आहे, चौथ्यात चालणार नाही. आणि अर्धा झालेला खेळ बातमी वाचून टाकून देऊ नका. युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, तेव्हा माझ्याकडच्या एका पोरानं सहा महिन्यांचं काम सोडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द झालं. काम मात्र परत आलं नाही.

शेवटची चूक मला लोंढ्याला जाणाऱ्या गाडीत कळली. खानापूर सुटलं, जंगल लागलं, रेंज गेली आणि सर्व्हरनं मला खेळातून काढून टाकलं. बाकी तिघांचा डावही तिथंच अडकला. कुठलंही इंजिन ही काळजी आपोआप घेत नाही. आता परत आल्यावर ओळख पटावी म्हणून प्रत्येक खेळाडूला सुरुवातीलाच एक गुप्त खूण देतो आणि सगळा पट सर्व्हरवर ठेवतो. रेंज गेली तर जागा नव्वद सेकंद राखलेली असते, बाकीच्यांना "वाट बघतोय" असं दिसतं, तेवढ्यात तो आला तर त्याच सोंगट्या घेऊन पुढं खेळतो. नाही आला तर पाळी पुढच्याकडे जाते.